गॅस भरण्याआधी गेज लावणारी माणसं: नागपुरातल्या आमच्या बिल्डिंगच्या सेंट्रल एसीचा दीड वर्षाचा अनुभव

आमच्या बिल्डिंगचा एसी आता जी काका-पुतण्याची छोटी टीम सांभाळते, तिला पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली सांगतो, पण ज्यांच्याकडे ऑफिस, क्लास, दवाखाना किंवा शोरूमचा एसी सांभाळायची जबाबदारी आहे त्यांनी पूर्ण वाचा, कारण मला हे सगळं सात वर्षं आधी कुणी सांगितलं असतं तर असोसिएशनचे बरेच पैसे वाचले असते.

धरमपेठेत आमची कमर्शियल बिल्डिंग आहे, तळमजला धरून सहा मजले. खाली साड्यांचं शोरूम, मधल्या चार मजल्यांवर सीए, आर्किटेक्ट, दोन आयटीवाले आणि एक मोठा कोचिंग क्लास, सगळ्यात वर पॅथॉलॉजी लॅब. मधल्या मजल्यांना बेसमेंटमधला ११० टनाचा वॉटर कूल्ड स्क्रू चिलर (पाणी गार करून मजल्यांवर पाठवणारं मोठं मशीन), त्यातला गॅस आर-१३४ए, आणि त्याची गरमी बाहेर टाकणारा कूलिंग टॉवर गच्चीवर. शोरूमला वेगळं साडेआठ टनाचं डक्टेबल युनिट (डक्टमधून हवा देणारं) आणि लॅबला व्हीआरएफ (एका आऊटडोअरवर अनेक इनडोअर). गाळेधारकांच्या वतीनं मेंटेनन्स मी बघतो.

आधी ज्यांच्याकडे एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) होती त्यांचं नाव घेत नाही. त्यांची पद्धत अशी होती की तक्रार कुठलीही असो, पोरगा सिलेंडर खांद्यावर घेऊनच यायचा. कूलिंग कमी वाटलं, गॅस कमी आहे. चिलर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, गॅस बघावा लागेल. दर मार्चला टॉप-अप, दर ऑक्टोबरला टॉप-अप, आणि बिलात गॅस वेगळा, कारण एएमसीमध्ये गॅस नव्हताच. मलाही तेव्हा वाटायचं की गाडीत पेट्रोल संपतं तसा एसीतला गॅस वापरून संपत असेल. तसं नसतं. गॅस बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत राहतो, वीस वर्षं चालवा, एक ग्रॅमसुद्धा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी बाहेर गेला, आणि बाहेर गेला तर भोक कुठंय ते शोधायचं. एवढी एक गोष्ट कळायला मला पाच वर्षं लागली.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात चिलरनं पार वात आणला. दुपारी दोन वाजले की हाय प्रेशर ट्रिप, रिसेट केला की अर्धा तास चालून परत ट्रिप, बाहेर ४५ डिग्री, कोचिंग क्लासमध्ये दीडशे पोरं आणि पालकांचे फोन मला. जुन्या लोकांनी दोनदा गॅस टाकला, तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले कॉम्प्रेसर थकला आहे, ओव्हरहॉल करावा लागेल, आणि साडेपाच लाखांचं कोटेशन हातात दिलं. सोबत तोंडी खुलासा, साहेब एवढ्या उन्हात टॉवर तरी काय करणार. तेव्हा लॅबच्या डॉक्टर मॅडमनी ह्या लोकांचा नंबर दिला, त्यांच्या सासरच्या दवाखान्याचं काम हेच बघतात.

पहिल्या दिवशी दोघं आले, एक साठीचे काका आणि त्यांचा पुतण्या. सिलेंडर आणलाच नव्हता. काकांनी पहिलं काय मागितलं तर लॉगबुक. आमच्याकडे लॉगबुक नावाची वही होती, त्यात सही आणि ‘ओके’ एवढंच लिहिलेलं, सात वर्षं नुसतं ओके ओके. त्यांनी ती वही दोन मिनिटं चाळली, बाजूला ठेवली आणि पुतण्याला म्हणाले, "लाव गेज, आन् पाण्याचे चारही टेंपरेचर घे." मग पाऊण तास कुणी कशाला हात लावला नाही. पुतण्या नुसते आकडे सांगून राहिला होता आणि काका एका जुन्या डायरीत लिहून राहिले होते. टॉवरकडून येणारं पाणी ३१, कंडेन्सरमधून (जिथे गॅसची गरमी पाण्यात उतरते) बाहेर जाणारं साडेछत्तीस, कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसचं म्हणजे डिस्चार्ज प्रेशर १७६ पीएसआय, करंट १४८ अँपिअर.

मग त्यांनी मला बोलावून शेजारी बसवलं आणि समजावलं, आणि हे समजावणं हीच ह्या सर्व्हिसची खरी किंमत आहे असं मी म्हणेन. १७६ पीएसआयला आर-१३४ए साधारण ५० डिग्रीला पातळ होतो. म्हणजे आत गॅस ५० डिग्रीवर, आणि त्याला गार करून बाहेर पडणारं पाणी साडेछत्तीसवर. मधे साडेतेरा डिग्रीचं अंतर. ह्याला ते लोक अप्रोच म्हणतात आणि साफ कंडेन्सरमध्ये ते दोन-तीन डिग्री असतं. "पाणी पुरेसं गार येऊन राहिलंय, टॉवर आपलं काम करतोय," काका म्हणाले, "पण गॅसची गरमी पाण्यात उतरूनच नाही राहिली. मधे काहीतरी बसलंय. याच्यात गॅस अजून टाकाल तर प्रेशर अजून चढेल, उतरणार नाही."

आणि उन्हाचा जो खुलासा आम्हाला मिळाला होता त्यावर त्यांनी कूलरचं उदाहरण दिलं, ते नागपूरकराला लगेच पटेल. घरचा वाळ्याचा कूलर मे महिन्यात कसा थंडगार हवा देतो, आणि तोच कूलर जुलैत लावला की नुसती चिकचिक. बाहेर जुलैत ऊन कमी असतं तरी. कारण कूलर हवेच्या कोरडेपणावर चालतो, पाणी जेवढं उडेल तेवढा गारवा. कूलिंग टॉवर म्हणजे गच्चीवरचा मोठा कूलरच, त्यालाही साध्या थर्मामीटरचा ४५ आकडा लागत नाही, ओल्या कापडाच्या थर्मामीटरचा लागतो, ज्याला वेट बल्ब म्हणतात, आणि तो नागपुरात पावसाळ्यात मे महिन्यापेक्षा जास्त असतो. म्हणजे टॉवरसाठी मे हा अवघड महिना नाहीच. मे मध्ये चिलरवर लोड जास्त असतो हे खरं, पण टॉवर उन्हानं हरला हे चूक. मी इतकी वर्षं कूलरमध्ये पाणी भरतो, पण हा संबंध कधी डोक्यात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंडेन्सरचं झाकण उघडलं. तांब्याच्या नळ्यांची तोंडं आतून पांढरी पिवळट, बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर जसा थर धरतो तसा, पण गुळगुळीत आणि दगडासारखा कडक, नखानं खरवडलं तर नखच तुटेल. पुतण्यानं व्हर्नियर लावला, एका जागी सव्वा मिलिमीटर. दिसायला काहीच नाही सव्वा मिलिमीटर म्हणजे, पण तांब्याच्या मानानं हा थर उष्णतेला जवळपास रजईच.

आता हा थर आला कुठून, कारण पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर तर होता. सॉफ्टनरमध्ये मीठ कधी टाकलं होतं हे कुणालाच सांगता येईना, ते एक. पण मोठं कारण टॉवरवर सापडलं. टॉवरमधून वाफ जाते ती शुद्ध पाण्याची, क्षार खालीच राहतात, म्हणून थोडं थोडं पाणी सतत बाहेर सोडावं लागतं, त्याला ब्लीड म्हणतात. तो ब्लीडचा व्हॉल्व्ह पूर्ण आवळून बंद होता. आमच्या गार्डभाऊंना विचारलं, "काहून बंद केला हो?" ते म्हणाले, "साहेब, चांगलं पाणी दिवसभर नालीत वाहून राहिलं होतं, उन्हाळ्यात टँकर मागवतो आपण, म्हणून दोन वर्षांपूर्वीच बंद केला." त्यांच्या दृष्टीनं त्यांनी बिल्डिंगचं भलंच केलं होतं. तो व्हॉल्व्ह कशासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, मी पण नाही आणि एएमसीवाल्यांनी पण नाही. काका त्यांच्यावर चिडले नाहीत हे मला फार आवडलं. त्यांना गच्चीवर घेऊन गेले, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) टॉवरच्या बेसिनमध्ये बुडवून आकडा दाखवला, मग बोअरच्या नळाचा आकडा दाखवला, आणि म्हणाले, "हा आकडा नळाच्या तिप्पट झाला की समजायचं, पाणी बदलायला पाहिजे. भाऊ, हे आता तुमचं काम."

नळ्या साफ करायला दोन दिवस लागले, शनिवार दुपार ते सोमवार पहाट. डीस्केलिंगचं केमिकल छोट्या पंपानं कंडेन्सरमध्ये फिरवलं, फेस यायचा थांबला तेव्हा सोड्यानं उतारा दिला, मग नायलॉनच्या ब्रशनं एकेक नळी. तांब्याला लोखंडी ब्रश लावत नाहीत, हे पुतण्यानं न विचारता सांगितलं. सोबत जुन्या लोकांनी टाकून टाकून जास्त झालेला गॅस रिकव्हरी मशीननं काढला, नऊ किलो निघाला. तो त्यांनी नेला नाही, सिलेंडरवर वजन आणि तारीख लिहून आमच्याच स्टोअरमध्ये ठेवला. हवेत सोडून दिला असता तर आम्हाला कळलंही नसतं.

सोमवारी भर दुपारचं रीडिंग: पाणी बाहेर जाताना ३६, डिस्चार्ज प्रेशर १३०, म्हणजे अप्रोच तीनच्या आसपास, करंट ११६ अँपिअर. १४८ वरून ११६. कंडेन्सिंग टेंपरेचर एक डिग्री चढलं की वीज साधारण २-३ टक्के जास्त लागते असं काका म्हणाले होते, ते मी मीटरवर बघितलं. ट्रिप बंद झाला तो झालाच, त्यानंतर दोन उन्हाळ्यांत एकदाही नाही. साडेपाच लाखांच्या ओव्हरहॉलचं कोटेशन अजून माझ्या फाईलला लावलेलं आहे, कॉम्प्रेसर तोच आहे आणि व्यवस्थित चालू आहे.

शोरूमच्या डक्टेबलची गोष्ट वेगळी, तिथे गॅस खरंच कमी होता. आर-२२ चं युनिट, तीन वर्षं वर्षातून दोनदा भरत होतो. ह्यांनी विचारलं, "भरता ते भरता, जातो कुठं?" नायट्रोजन २५० पीएसआयला भरून ठेवला, दोन तासांत काटा खाली. मग साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड तपासायला लागले, फ्लेअर नट ठीक, सर्व्हिस व्हॉल्व्ह ठीक. शेवटी काकांनी जोड सोडून दिले आणि पाईपवरचं काळं इन्सुलेशन हातानं दाबत दाबत चालायला लागले. शोरूमच्या मागच्या डक्टमध्ये, जिथे पाईप अँगलला टेकतो, तिथे त्यांची बोटं थांबली. इन्सुलेशन तेलकट लागलं. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर येतं, त्यामुळे जिथे तेल तिथे लीक. ब्लेडनं इन्सुलेशन कापलं, तांब्याचा पाईप अँगलवर घासून घासून पातळ झाला होता आणि साबणाचं पाणी लावल्यावर एक बारीक बुडबुडा, मग दुसरा, मोहरीएवढे. तीन वर्षांचा गॅस त्या मोहरीएवढ्या जागेतून गेला. तेवढा तुकडा कापून नवीन ब्रेझ केला, ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजन सोडत होते म्हणजे आत काजळी धरत नाही, फिल्टर ड्रायर बदलला, ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम खेचला, पंप बंद करून अर्धा तास वाट पाहिली, आणि मग गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. पाईपखाली रबराचा तुकडा आणि क्लॅम्प. दीड वर्षात पुन्हा एक ग्रॅमही टाकावा लागला नाही.

बाकीची छोटी कामं पटकन सांगतो. तिसऱ्या मजल्याच्या एएचयूचा (गार हवा फिरवणाऱ्या युनिटचा) पट्टा घसरत होता, फिल्टर तर पुठ्ठ्यासारखा झाला होता, दोन्ही बदलले. एका ठिकाणी कॉन्टॅक्टरचे (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचे) पॉइंट जळलेले, तो बदलला.

एक मात्र जरा सविस्तर सांगायला पाहिजे. दुसऱ्या मजल्यावर आर्किटेक्टच्या टेबलावर फॉल्स सीलिंगमधून पाणी ठिबकायचं, वर्षानुवर्षं, आणि प्रत्येक वेळी ड्रेन लाईन साफ करून जायचे लोक. पुतण्यानं युनिट चालू ठेवून ड्रेन पाईपच्या बाहेरच्या तोंडाजवळ अगरबत्ती धरली. धूर सरळ पाईपात आत ओढला गेला. मी स्वतः बघितलं. पंखा ट्रेच्या बाजूनं हवा खेचतो, त्यामुळे पाईपातूनही हवा आत येते आणि पाण्याला बाहेर जायला वाटच मिळत नाही, ट्रे भरतो आणि काठावरून सांडतो. घरच्या बेसिनखाली जसा वाकवलेला पाईप असतो, पाणी अडवून ठेवणारा, तसा ट्रॅप तिथे बसवलेलाच नव्हता. फार तर तीनशे रुपयांचे पीव्हीसी एल्बो लागले. पाईप कधी चोक नव्हताच.

आता हीटिंग. पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटेल की एसीत हीटिंग कशाला, पण नागपुरात जानेवारीत कधी कधी सकाळी आठ-दहा डिग्रीपर्यंत उतरतं आणि लॅबमध्ये साडेसहापासून उपाशीपोटी सॅम्पल द्यायला म्हातारी माणसं येऊन बसतात. थंडीनं हात गारठले की शीर सापडत नाही, दोनदा-तीनदा टोचावं लागतं, हे डॉक्टर मॅडमनी मला किती वेळा सांगितलं असेल. कलेक्शनच्या खोलीचं युनिट हीट मोडवर टाकलं की थंडच हवा, कूलिंग मात्र उत्तम. जुने लोक म्हणायचे, मॅडम, रूम हीटर ठेवून द्या. ह्यांनी आऊटडोअर उघडलं, हीट मोड दिला आणि फोर-वे व्हॉल्व्हजवळ (गॅसची दिशा उलटवून कूलिंगचं हीटिंग करणारा) कान नेला. टक आवाज यायला हवा, आला नाही. व्हॉल्व्हच्या कॉइलपर्यंत व्होल्टेज येत होतं. कॉइल काढून मल्टिमीटर लावला, ओपन, म्हणजे आतली तार तुटलेली. त्या युनिटमध्ये ही कॉइल फक्त हीटिंगलाच लागते, कूलिंगला तिला करंटच जात नाही, म्हणून उन्हाळाभर कुणाला काही कळत नव्हतं. नवीन कॉइल यायला आठ दिवस लागले, बसवायला वीस मिनिटं. त्या आठवड्यात मी सकाळी सात वाजता मुद्दाम वर गेलो होतो. एक आजी शाल काढून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला फार बरं वाटलं.

आता अर्धा स्टार. एक म्हणजे एप्रिल-मे मध्ये हे लोक मिळत नाहीत. टीम लहान आहे, काका, पुतण्या आणि दोन पोरं. ह्या मे महिन्यात व्हीआरएफचा एक एरर आला तेव्हा तिसऱ्या दिवशी आले, लॅबसाठी ते उशिराच आहे आणि मी तसं त्यांना तोंडावर बोललो. फोनवरून पुतण्यानं एरर कोड विचारून ड्रेन पंपाचा फ्लोट साफ करायला सांगितलं आणि काम भागलं, पण दर वेळी असं भागेलच असं नाही. दुसरं, बिलिंग फार ढिसाळ. जीएसटी नंबर दोनदा चुकीचा टाकला, आमच्या सीएंनी परत पाठवलं. आणि रिपोर्ट हातानं लिहिलेला असतो, आकडे बरोबर पण अक्षर काकांचं.

पैशाचं म्हणाल तर जुनी एएमसी १ लाख ३० हजारात होती, ह्यांची १ लाख ८५ हजार आणि वर १८ टक्के जीएसटी, नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे पार्टचे पैसे वेगळे. मीटिंगमध्ये ह्यावरून बराच आवाज झाला. मी जुन्या तीन वर्षांची गॅसची बिलं टेबलावर ठेवली, आणि त्याखाली मागच्या आणि ह्या मे महिन्याचं महावितरणचं बिल. मग कुणी बोललं नाही. ज्यांना कॉम्प्रिहेन्सिव्ह मिळत असेल त्यांनी बारीक अक्षरातली यादी वाचा, बऱ्याच ठिकाणी गॅस, कॉम्प्रेसर आणि पीसीबी तिन्ही वगळलेले असतात आणि खर्चाचं तर हेच असतं. ह्यांच्या करारात मी एक ओळ स्वतः टाकून घेतली: लीक शोधून दाखवल्याशिवाय गॅस भरायचा नाही. काकांनी ती वाचून लगेच सही केली.

आणि हो, भाडेकरूंना १८ वर सेट करून ठेवायची सवय असते, त्याचंही काकांनीच सगळ्यांना समजावलं. २०२० पासून रूम एसी चोवीसच्या डिफॉल्टवर येतात तोच आकडा इथे वापरा, १८ केल्यानं खोली लवकर गार होत नाही, मशीन फक्त उशिरापर्यंत चालत राहतं. क्लासच्या सरांनी ऐकलं, शोरूमवाल्यांनी अजून नाही.

गार्डभाऊ आता रोज सकाळी टॉवरचं टीडीएस लिहितात, आकडा वाढला तर मला फोन करतात आणि ब्लीड स्वतः थोडा उघडतात. लॉगबुकात ‘ओके’ लिहायचं बंद झालंय, चार टेंपरेचर, दोन प्रेशर आणि करंट लिहायचा, दर दोन तासांनी. तुम्हाला ह्यांच्याकडून काम करून घ्यायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच बोलून ठेवा, फेब्रुवारीच्या शेवटी ते नवीन बिल्डिंग घेणं बंद करतात, आणि पहिल्या भेटीला तुमच्या मशीनची नेमप्लेट आणि जुनी गॅसची बिलं काढून ठेवा, काका तीच आधी मागतात.